एका भुवईची गोष्ट

मित्रांनो, कराटेचे सिनेमे तुम्हाला आवडतात ना? मलाही! शाळेत असताना मी व्हिडिओवर एक जपानी सिनेमा पाहिला. १९७५ सालचा. त्यात सॉनी चिबा चक्क बैलाशी झुंजतो! झालं, दुसऱ्याच दिवशी मी परसात दोन विटांवर कौल ठेवलं आणि हाणला हात. कौल शाबूत, हाताचा मात्र भोपळा! सगळे हसतील म्हणून मी कराटेच्या क्लासलाच जाईनासा झालो.

तो सिनेमा मासुतात्सु ओयामा या खऱ्या माणसावर होता. १९२३ साली कोरियात जन्मलेल्या ओयामांनी जपानमध्ये ‘क्योकुशिन’ कराटे सुरू केलं. यात फटके खरोखर, पूर्ण ताकदीनं मारतात; फक्त तोंडावर ठोसा मारायचा नाही. चिबासुद्धा त्यांचेच शिष्य.

पुढे ओयामांबद्दल वाचलं, तेव्हा बैलापेक्षा वेगळीच गोष्ट मनात बसली. सरावासाठी ते डोंगरावर एकटे राहिले. मध्येच परत जावंसं वाटू नये म्हणून त्यांनी म्हणे आपली एक भुवईच भादरली! असलं ध्यान घेऊन लोकांत जाणार कसं?

गंमत बघा, लोक हसतील म्हणून मी पळालो आणि हसतील म्हणूनच ते टिकले!

सोमवारी मी मुकाट्यानं क्लासला गेलो. सर एवढंच म्हणाले, “मागच्या रांगेत उभा राहा.” राहिलो.

तुम्हीही सिनेमे जरूर बघा. फक्त घरच्या कौलांना हात लावू नका हं!