मारुतीच्या पोटाखाली

मामांची 1997 सालची मारुती 800 माझ्याकडे आली तेव्हा बघणारा प्रत्येकजण म्हणाला, गाडी चांगली ठेवलीय. वरून ते खरंही होतं. रंग शाबूत, इंजिन एका चावीत चालू. पण मामांची नोकरी काही वर्षं पणजीला होती. गाडी तिथं खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर असायची आणि सुट्टी मिळाली की चोर्ला घाटानं बेळगावजवळ मच्छेला यायची. कणकुंबी-जांबोटीकडचा तो झोडपणारा पाऊस, खड्ड्यांतलं तांबडं पाणी, मग पिरनवाडीचा फाटा आणि घर. त्या वाटेवरचा चिखल नि मीठ पोटाखाली साठत गेलं.

जुन्या जीपला खाली स्वतंत्र चेसी असते, मारुतीला नसते. एक मिलिमीटरहूनही पातळ असा तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या हाच गाडीचा कणा. तो कुजला तर नुसतं मॅट ओलं होत नाही. अपघातात माणसाला वाचवणारी ताकदच जाते. 1983 मध्ये आलेल्या या गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. इंजिनाचे सुटे भाग मिळतात, पण कुजलेला अख्खा तळ बदलून देणारं सहसा कोणी नाही. तो आहे तोच जपायचा.

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका गॅरेजात गाडी खड्ड्यावर घेतली. खाली काळं कुळकुळीत कोटिंग होतं, मधल्या काळात कुठंतरी मारून घेतलेलं. ते बघून मला बरंच वाटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत निघाले. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज एकदम बद्द झाला. त्यांनी टोक घालून काळा थर उचकटला, तर तो वीतभर सुटून लोंबायला लागला आणि मागून गंजाचे पापुद्रे पडले, बरोबर तांबडी माती. ती बोटांत घेतली तर ओली होती. बाहेर एप्रिलचं ऊन.

‘वरनं डांबर फासून काय होतंय सर? आत ओल बसलीय, ती खाऊलालीय.’

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. मातीवर किंवा गंजावर मारलेलं कोटिंग त्यामुळं आतून फुगतं आणि चिरतं. चिरेतून पाणी आत जातं, पण वाळायला वारा लागत नाही. त्यात मीठ असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसतानाही गंजाचं काम चालूच. असं कोटिंग नसलेलं परवडलं; निदान पत्रा दिसतो तरी.

पुढची वाट दाखवली ती आमच्या शेजारच्या काकांनी. उद्यमबागच्या फाउंड्रीत त्यांचं आयुष्य गेलंय. ते म्हणाले, ‘हे बघ, आमच्याकडं कास्टिंग शॉट ब्लास्टिंगमधनं बाहेर आलं की त्याच शिफ्टला प्रायमरखाली जायचं. उघड्या हातानं धरू द्यायचे नाहीत. घामाचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे उठतात.’ बेळगावातल्या फाउंड्र्यांत माणसं रोज पाळतात तो हा नियम, आणि आपण आपल्या गाड्यांना मात्र धुळीवरच रंग मारून घेतो! मी सगळं काम या नियमावर बेतलं. सोललेला पत्रा रात्रभर उघडा ठेवायचा नाही, म्हणून एका वेळी एकच तुकडा हातात घ्यायचा.

पुढचं काम घरी, भक्कम स्टँडवर गाडी टेकवून. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये, अगदी मिनिटभरासाठीही. आधी चाकांच्या कमानींतला चिखल काढला. तिथल्या कोनाड्यांत माती इतकी घट्ट बसते की पाण्याचा फवाराही तिला हलवत नाही, बोटं घालूनच ओढावी लागते. आतली सीट आणि मॅट काढलं, तर खालचा फोम पाणी धरून बसलेला. मग गाडी कडक उन्हात पूर्ण वाळू दिली. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला. हे काम फार कंटाळवाणं आहे आणि सगळं यश याच कामात आहे.

जिथं खळग्यांतला गंज ब्रशला दाद देत नव्हता तिथं टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावलं. तांबडे डाग डोळ्यांदेखत निळसर काळे होत गेले. काकांना ते बघून हिरड्याची शाई आठवली. ते बरोबरच होतं. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, लोखंडाशी मिळून ते असाच काळा रंग देतं. खानापूरच्या रानातला हिरडा आणि बाटलीतलं ते औषध एकाच कुळातलं.

पायाखालचा कुजलेला भाग मात्र कापावाच लागला. मिस्त्रींनी वीस गेजचा सीआर पत्रा बसवला, सीओटू वेल्डिंगनं, थोडं थोडं थांबत, म्हणजे पातळ पत्रा वाकत नाही. त्याआधी बॅटरी सोडली, आजूबाजूचा फोम काढला, आणि पेट्रोलची टाकी नि नळ्या जवळ नाहीत याची खात्री केली. ब्रेकची एक लोखंडी नळीही गंजलेली निघाली. ती तिथल्या तिथं बदलली. कोटिंग राहिलं तरी चालेल, पण ही नळी राहता कामा नये.

दुपारी वळीव येतो म्हणून प्रायमर सकाळीच. एपॉक्सी प्रायमर पूर्ण सुकल्यावर, जोडांवर सीलर भरून, मग कुठं रबरी कोटिंगची पाळी आली. सायलेन्सर, ब्रेक, हँडब्रेकची केबल, रबरी बुश कागदानं झाकून ठेवले. तळाची आणि दारांच्या बुडाची पाणी निथळायची भोकं तारेनं मोकळी केली. फवारा मारणारा ती हमखास बुजवतो. पोकळ पट्ट्यांत कोटिंग पोचत नाही, तिथं लांब नळीनं मेणाचा फवारा सोडला.

जळकं ऑइल आणि डिझेल फवारायचा सल्ला मला अनेकांनी दिला. ट्रकवाल्यांची ती जुनी रीत आहे आणि लोखंडावर तिचा थोडाफार गुणही येतो. पण त्यानं रबर फुगतं, ते त्वचेला घातक असतं, आणि पहिल्या पावसात धुपून जातं ते शेवटी गटारातून आमच्याच भाताच्या शेतांत. मी ते केलं नाही, कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली. तळ टणटणीत वाजला. समोर दगड लागून दोन ठिकाणी कोटिंग उडालं होतं, तेवढं घासून पुन्हा प्रायमर लावला. मागच्या उजव्या कमानीत आतल्या जोडाला बारीक फुगवटा दिसतोय. पुढचं पासिंग 2027 मध्ये आहे, पण त्याची वाट बघायची नाही. सीआर पत्र्याचा तुकडा आणून ठेवलाय, ऊन तापलं की ती कमान सोलायची.