घरात आलेली चप्पल

आमच्याकडे चपलेची हद्द उंबरठ्यापर्यंत. ती पहिल्यांदा ओलांडली अण्णांच्या एमसीआर चपलेने.

दिसायला बया ओबडधोबड. काळी, पुढून रुंद, तळ जाडजूड, वर दोन वेलक्रोचे पट्टे आणि टाचेमागे आणखी एक. जन्मभर करकरणारी कोल्हापुरी मिरवलेल्या अण्णांनी "ही पेशंटची चप्पल" म्हणत तोंड फिरवलं होतं.

खोटं नाही ते. तिचं घराणंच दवाखान्यातलं. मायक्रोसेल्युलर रबराच्या या चपला आधी वापरात आल्या त्या कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी. वेल्लोरला 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. दुखतच नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाय गमावतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली, की मधुमेहातही नसांची अशीच गत होते.

अण्णांना हे कुठे ठाऊक? पायांची आग होते म्हणून ते गरम पाण्यात पाय टाकून बसले. पाणी कढत होतं हे पायांना कळलंच नाही. फोड दिसला तो आईला, दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला. दहा ग्रॅमचा दाब. डोळे मिटून पडलेले अण्णा म्हणाले, "लावा की आता." तोवर चार ठिकाणी लावून झाला होता.

मग ही आली. हिच्या अंगात एकही खिळा नाही. सगळी चिकटवलेली आणि शिवलेली. खालचा थर टणक, काटा अडवायला. आतला मऊ, बोटाने दाबला की दबतो, सोडला की वर येतो आणि अंगाचा भार सगळ्या तळव्यावर वाटून देतो. अंगठा नाही, कारण तो बोटांच्या बेचक्यात घासतो. मागचा पट्टा अशासाठी, की बधिर पायातून चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही.

घरात चप्पल म्हटल्यावर आईने आठवडाभर धुसफूस केली. मग दिवाळीत आकाशकंदील करताना टाचण्या सांडल्या. रात्री अण्णांनी चप्पल उलटी केली, तर तळात एक डोक्यापर्यंत रुतलेली. आईने ती उपटली, उजेडात धरून बघितली आणि त्यानंतर चपलेबद्दल अवाक्षर काढलं नाही. देवघर तेवढं अजून सोवळ्यात आहे. तिथे अण्णा चप्पल चौकटीशी काढतात, सतरंजीवरून आत जातात.

पण ही मुकी आहे. पट्टा घासतोय, आत खडा गेलाय, हे ती सांगणार नाही. म्हणून पायात घालण्याआधी आत हात फिरवायचा आणि रात्री तळव्याखाली आरसा धरायचा. आरसा धरायचं काम नातीकडे आहे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचं आईकडे. कुरूप ब्लेडने तासायची अण्णांची जुनी खोड मात्र मोठ्या मुश्किलीने सुटली.

आता टाचेखालचा रबर चपटा झालाय. दाबला तर वर येत नाही. नवी जोडी घ्यायला संध्याकाळी जाणार आहोत. दिवसभरात पाय जरा फुगलेले असतात, तेव्हाच माप बरोबर मिळतं.