सरावाचा रोगी

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यांस भेटावयास गेलो की एक गोष्ट वारंवार जाणवते. आमच्या कसाल-मालवण परिसरातील माणसे सुरीला फारशी भीत नाहीत. ती भुलेला भितात. "फादर, मी परत जागो होतलंय मां?" असा त्यांचा प्रश्न असतो. ज्याच्या हाती आपण आपला श्वास सोपवितो, तो भूलतज्ज्ञ शिकला कोणावर?

पूर्वी उत्तर एकच होते : रोग्यावर. ज्येष्ठांच्या देखरेखीखाली खरे, परंतु पहिला प्रयत्न जिवंत माणसावरच. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात भूलतज्ज्ञ जडसन डेन्सन व शिक्षणतज्ज्ञ स्टीफन अब्राहमसन यांनी 'सिम वन' नावाचा पुतळा घडविला. त्याची छाती वरखाली होई, नाडी लागे, पापण्या लवत. दिलेल्या औषधानुसार संगणक त्याची प्रकृती पालटवी. पुढे १९८०च्या दशकात स्टॅनफर्डचे डेव्हिड गाबा यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणापासून बोध घेतला आणि हाताच्या कौशल्याबरोबरच संकटसमयी सर्वांनी मिळून कसे वागावे, यावर भर दिला.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळीच न जाणे हा प्रसंग क्वचित येतो. परंतु आला की हाती मोजकीच मिनिटे असतात. पुतळ्यावर तो हवा तेव्हा आणता येतो. नंतर सारे एकत्र बसतात : काय दिसले, कोण बोलले, धोका दिसूनही कोण गप्प राहिले? डॉक्टरांपुढे परिचारिकेने तोंड उघडणे, हाही तेथे एक धडाच असतो.

सेमिनरीत गुरुदीक्षेपूर्वी आम्हीही पापनिवेदन ऐकण्याचा सराव करीत असू. प्राध्यापक पश्चात्तापी होऊन समोर बसत. त्यांची पापे कल्पित असत, आमचा घाम मात्र खरा असे. दुखावलेले मन घेऊन येणारा पहिला भाविक हा आमचा पहिला प्रयोग ठरू नये, हाच त्यामागील हेतू.

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षी कसालपासून जवळच, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देशातील वैद्यकीय महाविद्यालयांना आता कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक आहे. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली डॉक्टर, परिचारिका होतात. रुग्णालयातील खाटा व यंत्रे मोजताना आपण सरावाचे तासही विचारले पाहिजेत.

एवढे मात्र खरे, की पुतळा भीत नाही, आणि त्याची पत्नी दाराबाहेर जपमाळ घेऊन बसलेली नसते. हात पुतळ्यावर तयार व्हावेत. धीर देणे रोग्यापाशीच शिकावे लागते.