रिकामा खिळा

गेल्या श्रावणांत शिरूरच्या आमच्या घराचा माळा झाडतांना फडक्यांत गुंडाळलेली एक जुनी तसबीर हातीं आली. काच तडकलेली, कडेस वाळवी लागलेली. पण कमळावर उभी असलेली लक्ष्मी तशीच प्रसन्न होती. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतील ही लक्ष्मी मातोश्रींनीं दौंडच्या माहेराहून आणिली होती. तरुणपणीं संस्कृताच्या नव्या अभिमानांत, ‘हें बाजारी चित्र, निव्वळ नक्कल,’ असें म्हणून आम्हींच ती भिंतीवरून उतरविली. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. मात्र पुढें हयातभर त्या रिकाम्या खिळ्यासच हळदकुंकू लावीत राहिल्या.

सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, भंगलेली तसबीर घरांत नको. घोडनदींत सोडावी का?” उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं भिंग लावून पाहिलें. देवीचा गाल म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाट पेरणी होती.

रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीं हा छापखाना १८९४ सालीं मुंबईस काढिला. यंत्रें जर्मनीहून आणविलीं. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ च्या आगींत त्याची राख झाली. तेथील रीत अशी: चुनखडीची शिळा घासून गुळगुळीत करावी, तीवर तेलकट खडूनें चित्र उलटें रेखाटावें आणि गोंद व सौम्य आम्ल यांचा लेप द्यावा. मग शिळा ओली केली कीं मोकळी जागा पाणी धरते व तेलकट रेघ शाई धरते. प्रत्येक रंगास निराळी शिळा. कागद केसभर सरकला तरी ओठांची लाली हनुवटीवर उतरावयाची!

ही का निव्वळ नक्कल? मूळ तैलचित्रें बडोद्यासारख्या राजवाड्यांत लागत. आमच्या आजोळच्या ओसरीवर तीं कोठून येणार? ज्या हातांनीं एकेक ठिपका शिळेवर मांडून लक्ष्मी तेथवर पोंचविली, त्यांचीं नांवें चित्रावर नाहींत. आणि आम्हीं तरी जन्मभर काय केलें? कालिदासाचे श्लोक मुलांच्या पाट्यांवर उतरविले, इतकेंच. त्यास मात्र आम्ही विद्यादान म्हणत आलों.

सूनबाईंस म्हटलें, “काच तेवढी नवी घालूं.” चुन्याचे किती हात बसले, तरी खिळा जागच्या जागीं होता. तसबीर टांगतांना त्यावरील कुंकवाची खपली आम्हीं निघूं दिली नाहीं. क्षमा मागावयास मातोश्री आज नाहींत. म्हणून हें येथें लिहिलें.