मोरीतला मौनी

येरवड्याला राहते असे सांगितले, की पुण्यातला माणूस हमखास विचारतो, "भिंतीच्या आत की बाहेर?" आणि आपल्या विनोदावर आपणच हसतो. भिंतींना आमच्याकडे तोटा नाही हे खरे. एक तुरुंगाची, दुसरी मनोरुग्णालयाची. गांधीजी १९३० साली या तुरुंगातून पत्रे लिहीत तेव्हा वर ठिकाण घालीत 'येरवडा मंदिर'. पुढे १९३२ मध्ये तेथूनच त्यांनी तुरुंगातल्या एका मांजरीविषयी मोठ्या कौतुकाने आश्रमात लिहिले. एवढा मोठा माणूस, त्या वेळची देशाची परिस्थिती, आणि लिहायचे काय, तर मांजरीविषयी! त्यामुळे मी बेडकाविषयी लिहिले तर वाचकांनी फार नाके मुरडू नयेत.

आमचे घर गावठाणात, जुने. मागे लहानसे अंगण, त्यात पाण्याचे पिंप, केळीचे दोन खुंट आणि अळूचा वाफा. मोरीची खिडकी याच अंगणात उघडते. २०२४ चा मे महिना असा तापला होता, की दुपारी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. एका दुपारी मोरीत बंबाच्या मागे भिंतीच्या पायथ्याशी चुन्याचा पोपडा पडलेला दिसला. उचलायला वाकले तर पोपड्याला डोळे होते.

"आधी ते बाहेर टाक!" आई दारातूनच म्हणाली.

"चिमट्यात धरून भिंतीपलीकडे फेकतो," दादा म्हणाला.

बाहेर म्हणजे त्या तापलेल्या फरशीवर. भिंतीपलीकडे डांबरी रस्ता. दोन इंचांचा तो जीव तिथे दहा मिनिटे तरी टिकला असता की नाही, शंकाच आहे.

तो होता झाडबेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यामुळे हा गृहस्थ गुळगुळीत भिंतीवरही चढतो. इंग्रजीत त्याला 'चुनाम' बेडूक म्हणतात, आपल्या चुन्यावरून. उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात तो घरात शिरतो, हातपाय पोटाखाली घेऊन, अंगाचा रंग फिका करून भिंतीला चिकटून बसतो. असा बसलेला असेल तर त्याला आपली काही गरज नसते. परंतु आमचा पाहुणा जमिनीवर पडला होता. अंगाला धूळ आणि जळमटे चिकटलेली, कातडी सुकलेली, आणि मागच्या एका पायाला लांब केसाचा असा वेढा बसलेला, की पंजा सुजून आला होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले मंडूकसूक्त संस्कृतच्या वर्गात शिकताना कोरड्या तळ्यात पडलेल्या बेडकाला सुकलेल्या कातडी पखालीची उपमा दिलेली वाचली होती. तेव्हा ती कविकल्पना वाटली होती. आता ती पखाल माझ्यासमोर पडली होती.

मी शेजारच्या काकांना हाक मारली. काका एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे परिचर होते. बेडूक आणवणे, ते बेशुद्ध करणे, विद्यार्थ्यांपुढे मांडणे हे त्यांचे काम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद करायला सांगितले, तेव्हा काका निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. बेडकाला त्यांच्याइतके हाताळलेला माणूस आमच्या आळीत तरी दुसरा नाही.

"आधी हात धू. साबणाचा अंशसुद्धा राहू देऊ नकोस. आणि पुसू नको, ओलाच ठेव," काका म्हणाले. "अगं, त्याची कातडी हेच त्याचं तोंड. तो तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीनं ओढून घेतो. आपल्या हाताचं मीठसुद्धा त्याला सोसत नाही."

आजी हळदीची वाटी घेऊन आली होती. काकांनी तीही परत पाठवली. कातडीला लावाल ते आत जाते. "मग बादलीत तरी टाका, बेडूकच ना तो?" आजीचा दुसरा उपाय. पण झाडबेडूक काही पट्टीचा पोहणारा नव्हे, आणि थकलेला तर खोल पाण्यात बुडूनच जायचा. शेवटी बशीत जेमतेम बोटाच्या पेराएवढे पाणी घेऊन त्यात त्याला बसवले. अर्ध्या तासात धूळ सुटली, पोट किंचित भरल्यासारखे दिसू लागले.

मग काकांनी त्याला उजव्या मुठीत असे धरले, की फक्त तो पाय बाहेर राहिला. मी सुईच्या बोथट बाजूने केस उचलायचा आणि नखांच्या कात्रीने कापायचा. तीन वेढे होते. तिसरा कातडीत रुतला होता. काकांचा हात थरथरत होता, वयाने असेल. केस निघाल्यावर ते बराच वेळ पंज्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जन्मभर यांचे चारी पाय मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी टोचले. पाय सोडवायची वेळ आज पहिल्यांदा आली."

यावर कोणीच काही बोलले नाही. आईने चहा टाकला.

पुढले दहा-बारा दिवस प्लॅस्टिकच्या एका पसरट डब्याला भोके पाडून त्यात पाहुण्यांची व्यवस्था झाली. खाली ओले सुती फडके, बाटलीचे झाकण भरून पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते दिवसभर उघडे ठेवून मगच वापरायचे. डब्याला हात कमीत कमी लावायचा. शुश्रूषा म्हणजे सतत काहीतरी करणे अशी माझी समजूत होती. येथे बहुतेक वेळ काही न करण्यातच जायचा, आणि ते फार कठीण होते.

खाण्याचा प्रश्न दादाने सोडवला. बेडकाला हलते तेच खाद्य दिसते; समोर मेलेली माशी पडली तरी त्याच्या लेखी ती नसतेच. चिमटा घेऊन धावलेला दादा रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात झुरळांची पिल्ले पकडू लागला. "घरातल्या माणसांच्या जेवणाची कधी एवढी काळजी केलीत का?" आईचा आवाज आतून येई. तीन रात्री त्याने काहीच खाल्ले नाही. चौथ्या रात्री एकदम जीभ बाहेर आली आणि पिल्लू नाहीसे झाले. गिळताना त्याचे डोळे आत खेचले गेले. बेडूक डोळ्यांनीच घास मागे ढकलतो, हे काकांकडून कळले. दादाचे म्हणणे, मी केलेली आमटी तोही असेच डोळे मिटून गिळतो.

एव्हाना आजीने त्याचे नाव मौनी ठेवले होते. सूक्तातही हेच आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे गप्प पडून राहिलेले बेडूक पर्जन्य आला की बोलू लागतात. मी आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग वेद लिहिणाऱ्यांच्याही मोरीत असणार एखादा."

मला तो ठेवून घ्यावासा वाटत होता, हे लपवत नाही. सूज उतरली होती, एक बोट तेवढे वाकडे राहिले. रात्री तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटून खिडकीकडे तोंड करून बसे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस कोसळला, आणि अंगणातून कोणीतरी टक्-टक् आवाज केला. आमचा मौनी त्या आवाजाच्या दिशेला वळला. मग डबा बंद ठेवणे मला जमेना.

सोडायचा कुठे? दादा म्हणाला, नदीकाठी सालीम अली अभयारण्यात नेऊ. काकांनी साफ नकार दिला. बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीचा रोग १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला. जगभर त्याने बेडकांच्या जाती संपवल्या, आणि तो पसरण्यात माणसांनी इकडचे बेडूक तिकडे नेण्याचा मोठा वाटा आहे. शिवाय जिथला ओलावा त्याला ठाऊक, तिथेच त्याचे जगणे. त्यामुळे सारा प्रवास मोरीपासून केळीपर्यंतच झाला, वीसेक पावलांचा. साबणाचे पाणी अळूकडे जाते, म्हणून केळ निवडली. डबा आडवा केला. तो बराच वेळ बसून राहिला, आणि मी पाऊस पुसायला चष्मा काढला तेवढ्यात गेला.

जुलैत पिंपाच्या आतल्या कडेला पाण्याच्या वर साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला. ती त्यांची अंडी. पिल्ले फेसातून सुटतात ती थेट खाली पाण्यात पडतात. पिंपात काळे ठिपके वळवळू लागले आणि त्याच आठवड्यात डेंग्यूच्या तपासणीसाठी महापालिकेच्या ताई आल्या. साठलेले पाणी ओतून टाका, हे त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. आदल्या वर्षी आमच्याच आळीत दोघेजण डेंग्यूने आडवे झाले होते. ताईंनी बॅटरी मारून पाहिले. डासांच्या अळ्या नव्हत्या. मग आजीची जुनी मच्छरदाणी कापून पिंपावर घट्ट बांधली, ताईंनी स्वतः गाठ ओढून पाहिली आणि दर आठवड्याला बघून जाईन असे बजावले. त्या आल्याही. तिसऱ्या खेपेला बॅटरी जरा जास्तच वेळ आत रोखून म्हणाल्या, "ह्याला पाय फुटले की!"

पिंपातली पिल्ले मौनीची की आणखी कोणाची, सांगता येत नाही. दादाने वाकड्या बोटासाठी दोन रात्री भिंती धुंडाळल्या. टॉर्च पडताच सारे बेडूक सारख्याच चपळाईने पसार होत.

ऑगस्टच्या अखेरीस नखाएवढे, शेपूट पुरते न झडलेले बेडूक पिंपाच्या कडेला चढू लागले. पहाटे आई मच्छरदाणीची एक बाजू सोडून चहाच्या गाळणीने एकेकाला केळीखाली नेऊन सोडी. ती गाळणी नंतर चहाला वापरायची की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.