मनगटावरचा सुगंध

पॅरिसच्या बुलवार ओस्मानवरच्या गालरी लाफायेत या बहुमजली दुकानात परफ्यूमचे काउंटर तळमजल्यावर आहेत, आणि त्यांच्यावर आहे १९१२ साली बांधलेला रंगीत काचांचा घुमट, ४३ मीटर उंच. त्यातून झिरपणाऱ्या उजेडात बाटल्यांच्या कडा चमकतात. आत येणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, ‘काय दाखवू?’ मला अशा दुकानांचं खरं वैभव तेच वाटतं. ही मोकळीक रुजली ती याच शहरात. १८५२ मध्ये आरिस्तिद बुसिको ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला; त्याने वस्तूंवर पक्क्या किमती लावल्या, दार सगळ्यांना खुलं केलं. घासाघीस नाही, घेतलंच पाहिजे अशी भीड नाही. नुसतं बघण्याचं सुख बायकांना तिथे मिळालं.

आणि परफ्यूमला अशीच जागा लागते. शनेल नंबर ५ मनगटावर घ्या. आधी फूल येतच नाही. येते एक थंड, लखलखीत झिणझिणी, नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती साडीच्या घडीसारखी. ही अल्डिहाइड नावाच्या सुगंधी रसायनांची किमया. १९२१ मध्ये एर्नेस्त बो या सुगंधकाराने ती इतक्या सढळ हाताने वापरली, की आजही पहिला श्वास दचकवतो. मग हळूच जाई उमलते, तिच्यामागून गुलाब. ही जाई दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासच्या परिसरातली, पण जात आपल्या अंगणातल्या जाईचीच. उन्हाळा सरताना ती पहाटे खुडायला घेतात, कारण ऊन चढलं की वास उडू लागतो. किलोभर फुलं म्हणजे आठ-दहा हजार वेळा वाकलेली बोटं! किंमत ऐकून कपाळाला आठी पडते तेव्हा मला ती बोटं आठवतात.

चंदन आणि व्हॅनिला सगळ्यांत शेवटी येतात, तेही अंगाची ऊब मिळाल्यावर. तोवर वरचे मजले हिंडावेत. रेशमी स्कार्फ, हातमोजे, चिनी मातीच्या बश्या, काहीही बघावं, मधूनच मनगट नाकाशी न्यावं. दर मजल्यावर वास बदललेला असतो.

म्हणून सांगते, कागदी पट्टीवर हुंगून परफ्यूम घेऊ नका. एकच निवडा, मनगटावर घ्या, चोळू नका, तासभर दुकानात फिरा. तेव्हाही तो आवडला, तरच पैसे मोजा.