दुभाष्याचा सण

संत गोन्सालो गार्सियाचा सण ६ फेब्रुवारीला येतो. आम्ही दोघेही मूळचे वसईचे. नोकरीनिमित्त बरीच वर्षे पुण्यात आहोत आणि दोघेही मराठी शिकवतो. गावाकडे सण म्हणजे मिस्सा, बँड आणि घरभर पाहुणे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये यांतले काहीच नव्हते. म्हणून मुले लहान असतानाच आम्ही घरच्या घरी एक रिवाज पाडला. संध्याकाळी टेबलावर संताचे चित्र, झेंडूची फुले, दोन मेणबत्त्या. 'सुबोध बायबल'मधला एखादा उतारा. मग संताची गोष्ट आणि शेवटी फुगे. (हे फुगे खायचे असतात, मैद्याचे आणि तळलेले, असे शेजाऱ्यांना दर वर्षी समजावून सांगावे लागते.)

गोष्टीसाठी जमिनीवर नकाशा पसरायचा आणि त्यावर लाल दोरा ठेवत जायचे. गोन्सालोचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. कोवळ्या वयात तो एका जेज्विट धर्मगुरूबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे त्याने व्यापार केला. मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून पुन्हा जपानात, थेट हिदेयोशीच्या दरबारात पोहोचला. दोरा इथवर आला की आम्ही म्हणायचो, "आणि मग तो देवाघरी गेला." मुलांचे लक्ष तोवर फुग्यांकडे लागलेले असे.

यंदा मुलीने बारावे वर्ष ओलांडले. सणाच्या आदल्या आठवड्यात तिने उरलेली गोष्ट स्वतःच कुठेतरी इंग्रजीत वाचली आणि रात्री आमच्यासमोर येऊन उभी राहिली. हिदेयोशीच्या हुकमाने २६ जणांना पकडण्यात आले. क्योतोत त्यांतल्या बहुतेकांचे डावे कान कापले. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर क्रुसांवर भाल्यांनी मारले. त्या २६ जणांत लुइस इबाराकी नावाचा एक जपानी मुलगा होता. वय वर्षे १२.

"तुम्ही हे मला कधीच सांगितलं नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना बजावत असतो की संहितेतला अडचणीचा भाग गाळून अर्थ लावायचा नसतो. घरात मात्र आठ-नऊ वर्षे आम्ही तेच करत आलो होतो. मूल लहान आहे, ही सबब खरीच होती. पण ते मोठे होत आहे हे आमच्या सोयीने आम्ही विसरलो होतो, हेही तितकेच खरे.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "त्याला त्यांची भाषा येत होती ना, पप्पा? मग बोलून त्याने सगळ्यांना का नाही वाचवलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. भाषा आली की माणसे एकमेकांना समजून घेतात, या विश्वासावर तर आमचा सारा व्यवसाय उभा आहे! आदल्या वर्षी, १५९६मध्ये, एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले होते आणि परकीयांविषयीचा संशय बळावला होता, हे आम्ही तिला सांगितले. सत्तेला ऐकायचेच नसेल तर उत्तम दुभाषीही हतबल ठरतो, हेही सांगितले. तिचे समाधान झाले नाही. आमचेही झाले नव्हते.

सणाच्या संध्याकाळी तिने जाहीर केले की गोष्ट तीच सांगणार. धाकटा आठ वर्षांचा. दोरा क्योतोहून नागासाकीकडे सरकू लागला तसा तिचा वेग मंदावला. कानाचा उल्लेख तिने टाळला. लुइसचा टाळला नाही. मग ती अडली. वाचलेले इंग्रजीत होते, सांगायचे मराठीत होते. "मार्टर म्हणजे काय गं आई?"

"हुतात्मा," धाकट्याने परस्पर उत्तर दिले. हुतात्मा चौक त्याने मुंबईत पाहिला आहे.

उत्तर चुकीचे नव्हते. पण आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी दुसरा शब्द होता: रक्तसाक्षी. हुतात्मा या शब्दामागे यज्ञाची प्रतिमा आहे, स्वतःची आहुती देण्याची. मार्टर हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ मात्र साक्षीदार. रक्तसाक्षी या शब्दाने तो अर्थ राखला आहे. आम्ही दोन्ही शब्द मुलांना समजावून सांगितले.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आधी तो दुसऱ्यांचं बोलणं सांगायचा, आणि शेवटी स्वतःचं सांगितलं." आमच्या अपुऱ्या उत्तरापेक्षा हे पुष्कळच पुढचे होते. तरी तिचा प्रश्न त्याने मिटला असे नाही. लुइस का मेला, हे तिला अजून पटलेले नाही, आणि ते लवकर पटावे अशी आमचीही इच्छा नाही.

धाकट्याने एवढेच विचारले, "तो मुलगा घाबरला होता का?" परंपरेने सांगितलेली लुइसच्या धैर्याची कथा आमच्या ओठांवर आली होती. त्याआधीच ताई म्हणाली, "घाबरला असेल. मी घाबरले असते." मग तिने त्याचा हात धरला आणि दोघांनी मिळून मेणबत्त्या विझवल्या. फुगे तोवर गार झाले होते. ते आम्ही पुन्हा गरम केले.